छाती मोकळी ठेवा

शेषराव वायरमन कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी विचारायचे, "मेन कुठंय?" लग्नाचं घर असो की मौतीचं, यांचा पहिला प्रश्न तोच. आमच्या डॉक्टरांच्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ जिन्याखाली गेले, मेनस्विच शोधला, त्याच्यापुढे रचून ठेवलेल्या खुर्च्या एकेक करून हलवल्या आणि मगच पेढा तोंडात टाकला. बायका पदराआड हसत होत्या. "वायरमनला देव भेटला तरी हे मेन विचारतंय," असं गावात म्हणायचे. त्यावर ते अजिबात न हसता सांगायचे, "देवाच्या घरी लाईट नसंल तर न्हाई विचारणार."

मी मूळची लातूरची. नायगाव आणि देगलूरच्या मधल्या पट्ट्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स म्हणून आले ते दोन वर्षांत बदली करून घ्यायची या हिशेबाने. सतरा वर्षं झाली. नवरा, मुलं, सासूबाई लातूरला आणि मी इथे क्वार्टरमध्ये, पत्र्यावर माकडं नाचतात ते ऐकत. शनिवारी एसटीने जायचं, सोमवारी परत यायचं. या सतरा वर्षांत गावाला मी काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मला आधी जांभई येते. साप चावला की मांत्रिक नको, जुलाब लागले की पाणी बंद करू नका, बाळाच्या नाळेला शेण लावू नका. बोलून बोलून माझाच घसा बसला. लोक ऐकतात, "हाव सिस्टर, बरोबर हाय सिस्टर" म्हणतात आणि घरी जाऊन सासू सांगेल ते करतात. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. या सगळ्यात माझ्याइतका दमलेला आणि तरीही माझ्यापेक्षा चिवट असा एकच माणूस मला इथे भेटला. ते शेषराव सोनकांबळे.

पहिली भेट चांगली झाली नाही. मी नवीनच होते. दुपारी एक टेम्पो आला. मागे एक माणूस आडवा, गळ्यापर्यंत काळ्या मातीने माखलेला. कानात माती, नाकपुड्यांत माती. मोटार चालू करताना शॉक लागला होता. मी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली. संपलेला होता. सोबतचा म्हातारा हात जोडून म्हणाला, "मातीत पुरून ठिवला होता सिस्टर, अर्धा तास. तरी करंट उतरंना."

माझ्या लक्षातच येईना हा काय बोलतोय. तेवढ्यात मागून मोटरसायकलवर एक उंच, काळा, खाकी शर्टातला माणूस आला. त्याने प्रेताकडे बघितलं, मग म्हाताऱ्याकडे आणि ओरडला, "अर्धा तास! अर्ध्या तासात दवाखान्यात पोचला असता की रं! करंट काय पाणी हाय का, अंगात साठायला? आला तसा गेला. तुम्ही माणूस पुरला, करंट न्हाई!" मी यांनाच बाजूला घेऊन दटावलं. म्हटलं, "अहो, मयताच्या नातेवाइकांशी असं बोलतात का?" त्यांनी टोपी काढली, म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेम्पोतली माती आपल्या हाताने लोटायला लागले.

आमच्या भागात ही रीत आहे. शॉक लागला की माणसाला मातीत गळ्यापर्यंत पुरायचं, म्हणजे जमीन करंट ओढून घेते. याचं मूळ कुठे आहे हे शेषरावांनीच मला नंतर सांगितलं आणि सांगताना त्यांचा चेहरा उतरला होता. घरोघरी अर्थिंगचा खड्डा करणारे तेच. कोळसा, मीठ घालून तार पुरायची आणि घरमालकाने "हे कशाला?" विचारलं की म्हणायचं, "जमीन करंट ओढून घेती." लोकांनी तेवढंच ध्यानात ठेवलं. "मातीत पुरायची रीत जुनी हाय सिस्टर," ते म्हणाले, "पन तिला शास्त्र मीच पुरवलं. आता कुणालाबी म्हणलं, माती काढा, तर म्हणतात, तुम्हीच तर सांगितलं की!"

आठवड्याने ते केंद्रावर आले. "सिस्टर, मला ते छाती दाबायचं शिकवा." मला वाटलं आरंभशूर असेल, होईल दोन दिवसांत गार. गव्हाच्या कोंड्याचं पोतं खाली टाकलं आणि दाखवलं. छातीच्या मधोमध हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ, दोन इंच खोल जाईल इतकं दाबायचं, सेकंदाला जवळजवळ दोन या गतीने. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे. श्वास देता येत नसेल तर नुसतं दाबत राहायचं, पण थांबायचं नाही. ते दर गुरुवारी आले. सहा गुरुवार. पोतं फाटलं आणि कोंडा सगळ्या खोलीभर झाला तेव्हा म्हणाले, "आता जमून राहिलं."

मग आम्ही दोघं फिरायला लागलो, आणि मी त्यांना मामा म्हणायला लागले. बचतगटाची बैठक, ग्रामसभा, अंगणवाडी, जिथे चार माणसं बसतील तिथे. आधी ते बोलायचे: "आधी मेन, मंग माणूस. मेन सापडंना तर वाळलेलं लाकूड घ्या, पायाखाली वाळलेली गोणी टाका अन् माणूस तारंपासून बाजूला ढकला. ओल्या हातानं न्हाई. अन् खांबावरची मोठी तार तुटली असंल तर जवळच जाऊ नका, सबस्टेशनला फोन करा." पुढे मी बोलायचे: हाक मारा, श्वास बघा, १०८ ला फोन करा, दाबायला लागा. उठून बसला तरी दवाखान्यात आणा, हृदयाचा ठोका नंतरही बिघडतो. त्यांची वाक्यं लोकांना आवडायची. "लाईट गेली म्हणून मला शिव्या देता, अन् लाईट हाय म्हणून मरता." किंवा कुणी त्यांना जेवणाच्या पंगतीत जरा लांब बसवलं की त्याच शांत आवाजात, "करंट जात बघत न्हाई, भाऊ, ओल बघतो." लोक हसायचे, आणि कधी कधी त्यांचं ताट जवळ सरकवायचे. कधी कधी नाही. आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी, अगदी प्रत्येक, कुणीतरी मागून उठून विचारायचं, "सगळं खरंय, पन मातीत कधी ठिवायचं?"

मी कपाळावर हात मारायचे. शेषराव पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. अशी बारा-तेरा वर्षं गेली. या काळात आमच्या केंद्रात शॉकची माणसं येतच राहिली, आणि येताना अंगावर माती असायचीच. जिवंत आलेलं मला एकही आठवत नाही.

एका मे महिन्यात गावातल्या देशमुख गुरुजींना शॉक लागला. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, निम्मं गाव त्यांच्या हाताखालून शिकलेलं. घरातल्या लोखंडी कूलरमध्ये बादलीने पाणी ओतत होते, जागीच कोसळले. गल्लीतल्या लोकांनी धोतराला धरून त्यांना बाहेर ओढलं आणि अंगणात फावडी चालायला लागली. शेषराव त्या दिवशी मागच्या डीपीवर फ्यूज टाकायला आले होते. धावत आले ते गुरुजींकडे न जाता थेट घरात घुसले. लोक चिडले. "माणूस मरून राहिला अन् ह्याला मेन पाहिजे!" त्यांनी मेन पाडला. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, त्याच वेळी सांडलेलं पाणी पुसायला कूलरशेजारी वाकल्या होत्या. त्यामुळे त्या वाचल्या, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मला निरोप आला तशी मी चप्पल न घालता पळाले. पोचले तेव्हा शेषराव छातीवरची माती दोन्ही हातांनी उपसत होते आणि चार जण त्यांना मागे ओढत होते. मी किंचाळले, अक्षरशः किंचाळले, "सोडा त्यांना!" गुरुजींचा श्वास बंद होता, नाडी लागत नव्हती. शेषराव दाबायला लागले. तीस झाले, आणि ते थबकले. तोंडाला तोंड लावायची वेळ आली तशी गल्ली गप्प झाली. शेषरावांनी मान वर करून विचारलं, "काकू, मी श्वास देऊ का?"

काकू ओरडल्या, "दे रे बाबा, दे! विचारतोस काय मेल्या!"

आलटून पालटून आम्ही दाबत होतो. एक बरगडी कडकन मोडली, मला हाताला कळली. ऊन असं की माझे तळपाय भाजत होते. दहा-बारा मिनिटांनी गुरुजींनी एकदम मोठा श्वास ओढला, मग दुसरा, आणि ओकले. गाडी आली, नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तीन आठवड्यांनी गुरुजी चालत घरी आले. मी त्या दिवशी क्वार्टरमध्ये एकटीच बसून रडले. वाटलं, चला, जिंकलो. आता तरी लोक मानतील.

मारुतीच्या देवळात गुरुजींच्या हातून शेषरावांचा सत्कार ठेवला. टॉवेल, टोपी, नारळ. गुरुजी बोलायला उभे राहिले. आवाज अजून बारीक होता. म्हणाले, "शेवटी आपण या मातीची लेकरं. काळ्या आईने माझ्या अंगातला करंट ओढून घेतला, म्हणून आज तुमच्यासमोर उभा आहे. शेषरावांनीही त्या दिवशी फार धावपळ केली."

धावपळ! माझ्या हातातला फुलांचा हार मी चुरगळून टाकला. उठून बोलणार होते, शेषरावांनी माझ्या पदराला हलकासा हिसका दिला. टाळ्या वाजल्या. लोक एकमेकांना सांगत होते, बघा, माती लवकर दिली तर माणूस उठून बसतो.

सत्कार संपल्यावर ते आमच्या केंद्राच्या ओट्यावर येऊन बसले. टॉवेल-टोपी शेजारी. मी चहा आणला, तो त्यांनी गार होऊ दिला. मग त्यांनी मला मिलिंदबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मिलिंद त्यांचा धाकटा भाऊ. शेषराव नुकतेच वीज खात्यात हेल्पर म्हणून लागले होते. मिलिंदला जयंतीच्या माळा लावताना शॉक लागला.

"खड्डा मीच खोदला, सिस्टर. वस्तीत विजंचं कळणारा मी एकटा. गळ्यापर्यंत पुरला त्याला. अन् मधी त्यानं डोळे किलकिले केले. माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, माती काम करून राहिली. म्हणून अजून चार फावडी टाकली."

छातीवर एवढ्या मातीचं ओझं असताना श्वास घेता येत नाही, हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. ते उठले, म्हणाले, "लई थकलो. खरं सांगून सांगून थकलो."

पुढच्या आठवड्यात मी देवळावरून जात होते तर बाहेरच्या फळ्यावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: शॉक लागल्यास माती फक्त पायाला लावावी, घोट्यापर्यंत. छाती मोकळी ठेवावी व वायरमनने दाखवल्याप्रमाणे दाबत राहावे. मला काही सुधरेना. तशीच तडक शेषरावांच्या घरी गेले. ते अंगणात खाटेवर वायर सोलत बसले होते.

"हे तुम्ही सांगितलं गुरुजींना?"

"हाव. म्हणलं, गुरुजी, माती करंट पायातून खाली ओढती. छातीवर टाकली की तो वर चढतो. गुरुजींना पटलं."

"पण हे खोटं आहे!"

"हाव, खोटं हाय."

"पायाला कुठे कुठे जखम असते, मामा. करंट बाहेर पडताना भाजतं. त्यात माती गेली म्हणजे धनुर्वात!"

"धनुर्वाताची सुई हाय ना तुमच्याकडं? मेलेल्याला देता येती का ती?" मग त्यांनी पक्कड खाली ठेवली. "इतकी वरसं मी खरं सांगितलं. किती वाचले? एक. अन् तो बी मातीच्या नावावर गेला. लोकांच्या हाताला काहीतरी काम पाहिजे, सिस्टर. माणूस पडला की माती उचलल्याबिगर त्यांचा हात राहत न्हाई. मंग टाकू द्या पायावर. दोघं माती टाकतील, एक जण तर दाबंल."

"आणि मिलिंद?" हे मी बोलायला नको होतं. रागात बोलून गेले. "मातीला तुम्हीच मान दिलात, तर मिलिंद कशाने गेला म्हणायचं?"

त्यांनी पक्कड उचलली. "ते माझं मला माहीत हाय," म्हणाले आणि पुन्हा वायर सोलायला लागले.

त्यानंतर मी त्यांच्यासोबत फिरणं बंद केलं. म्हटलं, असल्या लबाडीत माझं नाव नको, मी सरकारी नर्स आहे. ते एकटे जात राहिले. रिटायर झाले तरी सायकलवर पोतं बांधून जायचे. लांबून दिसले की मी दुसरीकडे बघायचे. असलं माझं डोकं. बाप म्हणायचा, हिच्या नाकावर माशी बसत नाही, ते काही खोटं नाही.

मग त्यांच्या किडन्या गेल्या. मुलगी लातूरला असते, तिच्याकडे नेलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एका शनिवारी घरी गेले असताना मी भेटायला गेले. अंगात काही उरलं नव्हतं, पाय मात्र सुजलेले. आम्ही दोघंही त्या भांडणाचं काही बोललो नाही. त्यांच्या मुलीने पोहे केले, त्यांनी मला माझ्या सासूची तब्येत विचारली. निघताना म्हणाले, "कुणी आलं का?"

शॉकचं कुणी केंद्रात आलं का, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, "नाही मामा, वर्षभरात कुणीच नाही."

"बरं हाय. म्हंजे कुणाला लागला न्हाई."

दहा-बारा दिवसांनी ते गेले. मला तीन दिवसांनी कळलं.

त्याला दोन महिने झाले असतील. सकाळी अकराच्या सुमारास एक जीप दारात येऊन थांबली. मागच्या सीटवर एक तरुण बाई आडवी, पावलांना घोट्यापर्यंत काळी माती थापलेली, आणि तिच्यावर वाकून तिची सासू, पासष्टीची बाई, घामाने निथळत बसलेली. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत करंट उतरला होता. सुनेचा श्वास चालू होता. नाडी चालू होती. छाती दाबून काळीनिळी पडलेली. रस्त्यात श्वास आल्यावर दाबायचं थांबवलं, पण पुन्हा जायला लागला तर म्हणून सासू हात तयार ठेवून बसली होती. मी सलाईन लावलं, गाडी बोलावली, आणि ती नांदेडला रवाना झाली. सासूला धरून बाकावर बसवलं.

"कुणी शिकवलं, मावशी?"

"त्या सायकलवाल्या वायरमननं. म्हणला, दोघींनी पाय सांभाळा, तिसरीनं छाती. आमच्या जावा पायाला माती लावत होत्या, मी दाबत होते. माती लावली म्हणून त्या बी गप राहिल्या बघा, न्हाई तर मला कुठं हात लावू देत होत्या."

मी आत गेले आणि औषधांच्या कपाटाला डोकं टेकून उभी राहिले. सून नंतर बरी होऊन आली. हे त्यांना सांगायला हवं होतं. "कुणी आलं का" याचं उत्तर मी दोन महिने आधी दिलं होतं, आणि तेच त्यांनी सोबत नेलं. माझ्या हट्टापायी मी त्यांच्याशी दोन वर्षं धड बोलले नाही, आणि ज्याच्यासाठी भांडले ते बरोबर असूनही चूक निघालं. आजही एखाद्या परीक्षेत विचारलं तर मी तेच उत्तर लिहीन: मातीचा काडीचा उपयोग नाही. ते खरंच आहे.

मागच्या महिन्यात पलीकडच्या वाडीतल्या बचतगटाने बोलावलं. मी एकटी गेले, पोतं रिक्षात टाकून. मेन, वाळलेलं लाकूड, तीस वेळा, सगळं सांगून झालं. बायकांनी पोतं दाबून बघितलं, हसल्या, एकमेकींना ढकललं. शेवटी भिंतीला टेकलेल्या एका म्हातारीने विचारलं, "सिस्टर, मातीत ठिवायचं का न्हाई?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला शेषराव खाटेवर बसलेले दिसले, आणि खड्ड्यातून बघणारा, मी कधी न पाहिलेला, तो मिलिंद.

"पायाला लावा, आजी," मी म्हटलं. "घोट्याच्या वर चिमूटभरसुद्धा नको."

म्हातारीने मान डोलावली. त्या दिवशी मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.